खिडकीतली आजी

दोस्तांनो, खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचा व्हिडिओ कधी काढलाय? चेहरा काळाकुट्ट येतो! तो उजळवावा, तर बाहेरचं सगळं पांढरंफटक. आपल्या डोळ्यांना मात्र दोन्ही दिसतं.

एचडीआर व्हिडिओत उजेडाचा पल्लाच मोठा असतो. साध्या व्हिडिओत प्रत्येक मूळ रंगाच्या सहसा 256 पायऱ्या. दहा बिटांच्या एचडीआरमध्ये 1024!

आमची आजी खिडकीशी बसूनच वाती वळते. गेल्या दिवाळीत मी तिचा एचडीआर व्हिडिओ काढला. तिच्या सुरकुत्याही दिसल्या अन् मागचं उन्हातलं पेरूचं झाडही. झक्कास! आत्याला पाठवला, तर तिचा घाबराघुबरा फोन : ‘‘अरे, आई इतकी फिक्कट का दिसते? बरी आहे ना?’’

आजी ठणठणीत होती. आत्याच्या जुन्या फोनला ही नवी भाषा वाचता येत नव्हती, एवढंच.

मग व्हिडिओ यूट्यूबवर घरच्यांपुरता चढवला. तिथे 2016 पासून एचडीआर चालतो आणि साध्या पडद्यांसाठी साधी प्रतही आपोआप तयार होते. (वेळ लागतो हं, धीर धरा!) आत्याने तो पुन्हा पाहिला. या वेळी आजीच्या तब्येतीबद्दल अवाक्षर नाही. म्हणाली, ‘‘आईला सांग, वाती फार जाड झाल्यात!’’