दोन मिल

शनिवारी संध्याकाळी चहाबरोबर बाबांच्या फौजेतल्या गोष्टी निघतात. बर्फ, खेचरं, कॅन्टीनची रम वगैरे. लढाई मात्र त्यात कधीच नसते, कारण बाबा ईएमईवाले. १९४३ साली उभ्या राहिलेल्या या कोअरचं काम म्हणजे लष्कराचं जे जे मोडेल ते दुरुस्त करणं. त्यात बाबा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. दुर्बिणी, होकायंत्रं, तोफांच्या साइट... सगळी नोकरी डोळ्याला भिंग लावून टेबलावर.

ईशान्येकडच्या दमट हवेत दुर्बिणीच्या काचांना आतून बुरशी धरते. ती उघडायची, पुसायची, दोन्ही नळ्या अगदी समांतर आणायच्या (नाहीतर बघणाऱ्याचं डोकं दुखतं!) आणि बंद करताना आत कोरडा नायट्रोजन भरायचा. शाळेत मी हे कुणाला सांगत नसे. फौजी म्हणजे बंदूक हवी ना!

असो. परवा आमच्या रिलीजमध्ये एक बग निघाला. घरी आल्यावर मी सहज म्हटलं, "चालायचंच. सोमवारी पॅच देऊ." बाबा बराच वेळ गप्प. मग त्यांनी जे सांगितलं ते आईनंही पहिल्यांदाच ऐकलं.

नाईक असताना त्यांनी एका तोफेची डायल साइट दुरुस्त केली, टॅगवर सही केली, ती युनिटला गेलीसुद्धा. रात्री बराकीत पडल्यावर आठवलं, की शेवटचा स्क्रू आवळल्यानंतर पुन्हा तपासायचं राहिलं. आता तोफखान्यात कोन मोजतात ते अंशात नाही, मिलमध्ये. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक मिल चुकला की एक किलोमीटरवर साधारण एक मीटर फरक. म्हणजे दहा किलोमीटरवर दहा मीटर. गोळे तसेही थोडे विखुरतात म्हणा, पण ते विखुरणं वेगळं. ही चूक प्रत्येक गोळ्याला एकाच बाजूला ओढणार, आणि त्या बाजूला कोण आहे हे वर्कशॉपमध्ये बसून कसं कळणार?

पहाटेपर्यंत झोप नाही. सकाळी साहेबांपुढे सावधानमध्ये उभं राहून सगळं सांगून टाकलं. साहेबांनी यथेच्छ झापलं आणि साइट परत मागवली. तपासली तर दोन मिलचा फरक. बढती लांबली ती लांबलीच.

"आणि तोवर त्या तोफेनं फायर केलं असेल तर?" मी विचारलं.

"ते मी विचारलं नाही," बाबा म्हणाले. "तेव्हा हिंमत झाली नाही. नंतर विचारायला कुणी राहिलं नाही."

चहा केव्हाच गार झाला होता. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "अरे, तुझ्या त्या बगमुळे सोमवारपर्यंत कुणाचं काय अडलंय?"

मी कुणाला विचारलंच नव्हतं.