दुसऱ्या वर्षाचं वजन

मानोऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात वजनकाट्याशेजारी खिळ्याला शिंप्याची टेप टांगलेली असते. पेशंट सवयीनं काट्याकडे वळतो, मी आधी टेप हातात घेतो. साठ-बासष्ट किलोचा, गालफडं बसलेला शेतकरी असतो. सदरा वर केला की पोटाच्या घेराला टेप 96 सेंटिमीटर दाखवते आणि उपाशीपोटीची शुगर दीडशेच्या पुढे निघते. त्याचा विश्वासच बसत नाही. "मी तं वाळलेला माणूस, साहेब. मले कायची शुगर?"

आपल्याकडे कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषाला 90 आणि बाईला 80 सेंटिमीटर धरतात. वाळलेल्या माणसाचं पोट का सुटतं, याचं उत्तर पुण्यात सापडलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापला. त्यात ते स्वतः आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत एक, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. याज्ञिकांच्याच गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. एवढी तूट असूनही कातडीखालची चरबी त्या मानानं शाबूत होती. तूट पडली होती ती मांसात. दिवसभर राबणाऱ्या अर्धपोटी बाईचं लेकरू असं जन्माला येतं, आणि पुढे त्याच्या ताटात तेल-साखर आली की ती आधी पोटात आणि यकृतात जाऊन बसते. तांड्यावरची दोन-सव्वादोन किलोची बाळं ज्यानं हातात घेतली आहेत, त्याला हा अभ्यास नव्यानं पटवून द्यावा लागत नाही.

मग मधल्या काळात शेतातलं कष्टाचं काम गेलं. सोयाबीन आलं, ज्वारी मागे सरली. ज्वारीबरोबर कडबा गेला आणि कडब्याबरोबर बैलजोड्याही घटल्या. पेरणी ट्रॅक्टरवर, निंदणाऐवजी तणनाशकाचा फवारा, मळणी यंत्रावर. हातानं उरली ती मुख्यतः सोंगणी, तीही बहुतेक मजुरांकडून. आयसीएमआरच्या 2020 च्या हिशेबात जड कष्टाच्या पुरुषाला रोज 3470 कॅलरी लागतात, बैठ्या पुरुषाला 2110. मधल्या 1360 कॅलरींचं काम शेतातून निघून गेलं, पण ताट औतामागच्या माणसाचंच राहिलं. त्यात चहा-बिस्किटं आणि स्टँडवरचा समोसा वाढला. यात कुणाचा आळस नाही. कष्ट कमी व्हावेत ही तर तीन पिढ्यांची इच्छा होती, ती पुरी झाली.

माझीही तीच गत. औषध कंपनीचे प्रतिनिधी आले की चहा, ओळखीचं कुणी आलं की चहा, आणि रात्रीची ओपीडी उरकून दहा वाजता जेवण. कंबर 104 वर गेली होती. आता ती 92-93 च्या आसपास फिरते. 90 च्या आत टिकेल असं दिसत नाही आणि त्यासाठी मी जिवाचा आटापिटाही करत नाही. मोठा फरक पडला तो संध्याकाळचा डबा सात वाजता दवाखान्यातच खाल्ल्यानं. दहाला भूक लागते, नाही असं नाही, पण झोपेत ती विरून जाते.

पेशंट विचारतात, "दीक्षित डायट करू का?" विदर्भात हा प्रश्न घरचाच आहे. दोनच वेळा जेवा, हा विचार मांडला तो काटोलकडच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी. 2004 साली अपघातात त्यांचं निधन झालं. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी त्यांचं भाषण ऐकून तो प्रयोग आधी स्वतःवर केला आणि मग घरोघरी पोचवला. दोनदा जेवायचं, जेवण 55 मिनिटांत संपवायचं, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. अनेकांना त्याचा गुण येतो, हे मी पाहतो. पण 55 मिनिटांत काही जादू आहे असं मला वाटत नाही. दिवसभराचे गोड चहा, बिस्किटं आणि येताजाता तोंडात टाकलेला चिवडा बंद होतो, गुण त्याचा आहे. चीनमध्ये 139 जणांवर वर्षभराचा अभ्यास झाला, 2022 मध्ये छापून आला. ठरावीक तासांतच जेवणाऱ्या आणि दिवसभरात तितकंच मोजून खाणाऱ्या दोन्ही गटांचं वजन उतरलं आणि दोघांत म्हणावा तसा फरक निघाला नाही. ज्याला दोनदा जेवणं झेपतं त्यानं खुशाल करावं. फक्त ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यानं मनानं सुरू करू नये. औषधाचा डोस तसाच ठेवून एक जेवण गाळलं की शुगर एकदम खाली येते आणि माणूस घामाघूम होऊन पडतो.

किती खाता, असं मी कधीच विचारत नाही. "काईच खात नाई" हे उत्तर मला पाठ आहे. मी विचारतो, तेलाचा डबा कधी आणला? 15 किलोचा डबा पाच माणसांच्या घरात दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज 50 ग्रॅम तेल पोटात जातं. म्हणजे 450 कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्था 27-30 ग्रॅमच्या आसपास थांबायला सांगते. सकाळी पाऊण तास चालून जेमतेम दोन-अडीचशे कॅलरी जळतात. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवतो तेव्हा नवरा गप्प होतो आणि बायको त्याच्याकडे बघते, कारण भाजीवर तर्री त्यालाच लागते.

मात्र घरातल्या बाईचं दुखणं वेगळं असतं. एका काकूंचं ताट मी बारकाईनं विचारून घेतलं. ताटात खरंच फार काही नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली पोळी, नातवानं टाकलेला भात, खालीवर करून संपवलेली आमटी, हे त्या जेवणात धरतच नव्हत्या. अन्न टाकवत नाही म्हणून पोटात टाकायचं. त्यांना डायटचा कागद देऊन उपयोग नव्हता. कणीक किती भिजवायची, तेवढं सुनेला सोबत बसवून ठरवलं आणि काकूंनी सगळ्यांबरोबर पानावर बसायचं, असं ठरलं. हे दुसरं जास्त जड गेलं. सासरे हयात असताना ते शक्यच झालं नसतं, असं सून म्हणाली.

पहिल्या सहा महिन्यांत वजन बहुतेकांचं उतरतं. माझं खरं काम दुसऱ्या वर्षी सुरू होतं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना केविन हॉल या संशोधकानं सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. 2016 साली ते छापून आलं. बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर नुसतं पडून राहिलं तर जेवढं जाळायला हवं, त्यापेक्षा रोज जवळपास 500 कॅलरी कमी जाळत होतं. मेलबर्नच्या 2011 च्या अभ्यासात वजन उतरून वर्ष झालं तरी भुकेची संप्रेरकं जागेवर आलेली नव्हती. म्हणजे गेलेली चरबी परत मिळवायला शरीर वर्षानंतरही धडपडत असतं. वजन पुन्हा चढलेल्या माणसाला मनाचा कच्चा म्हणणं मी सोडलं ते यामुळे.

तेव्हा नेम मोडणार हे धरूनच आखणी करावी लागते. आपलं पंचांगच तसं आहे. पोळा, महालक्ष्म्यांची पुरणपोळी, दिवाळी, मग लग्नसराई, रामनवमीला पोहरादेवीची यात्रा, आणि मधेच कुणाचा तरी नवस फेडायचा म्हणून रोडगे. रोडग्याच्या पंगतीत एकच रोडगा तुपाशिवाय घेऊन बसलेला पेशंट मला दिसला की वाईट वाटतं. तो बिचारा घरी जाऊन डबे उघडणार. त्यापेक्षा वांग्याच्या भाजीबरोबर पोटभर जेवावं आणि रात्री नुसतं ताक प्यावं, अर्थात शुगरच्या गोळीचं आधी विचारून. पंगतीनं कुणाचं फारसं बिघडत नाही. पंगतीनंतर घरी आलेल्या बुंदीच्या पिशवीनं आठवडाभर बिघडतं. माझ्या पेशंटांना मी टेप घरी ठेवायला सांगतो. ती तीन सेंटिमीटर पुढे सरकली की महिनाभर साखरेचा चहा आणि तळलेलं बंद. तेवढ्यात आवरता येतं, दहा सरकल्यावर अवघड होतं.

आणि अंगातलं मांस वाढवायला हवं, कारण आपण मुळातच त्यात कमी पडलेलो. त्याला प्रथिनं लागतात, आणि इथे मला कायम नवल वाटतं. आमचा वाशिम जिल्हा सोयाबीनचा. त्या दाण्यात शंभरात 36 ते 40 ग्रॅम प्रथिनं. ते सगळं पोत्यांनी बाजार समितीत जातं, तेल निघतं, ढेप कोंबड्या खातात, आणि पिकवणाऱ्याच्या ताटात वरण इतकं पातळ की तळ दिसावा. भिजवून नीट उकडलेलं सोयाबीन, घट्ट वरण, फुटाणे, चालत असतील तर अंडी, यातलं दोन्ही जेवणांत काहीतरी हवं. सोबत उठबशा. म्हाताऱ्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठावं, तेही पुरे.

अलीकडे वजन उतरवण्याच्या इंजेक्शनची चौकशी होते. 2025 च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं. औषधं चांगली आहेत, मी नाकं मुरडत नाही. पण वेगोवीतल्या औषधाच्याच एका मोठ्या अभ्यासात ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो, दुसऱ्या वर्षाच्या पैशाचं काय? बीएमआय 38 असलेल्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या एका तरुण शिक्षकाला मात्र मीच अकोल्याच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. त्याला त्याची गरज होती. भूक गेल्यामुळे तो आता दिवसभर नुसता चहा-टोस्टवर राहतो, अशी त्याच्या आईची तक्रार आहे. मांस झडू नये म्हणून त्याला रोज दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण आणि उठबशा लावून दिल्या आहेत. उठबशा तो शाळेतच, मधल्या सुट्टीत काढतो. पोरं शेजारी उभी राहून मोजतात.