जत्रा पांगल्यावर

लग्नघर खरें कसें आहे हें पाहावयाचें असेल तर वऱ्हाड गेल्यावर मांडवांत बसावें, असें आमच्या मातोश्री म्हणत. सनई थांबलेली असते, पत्रावळी उचललेल्या असतात, कोणी केळीचे खुंट सोडवीत असतो. आणि दिवसभर ज्यांना घोटभर चहा मिळाला नाहीं अशीं घरचीं माणसें तेव्हां कोठें निवांतपणें एकमेकांशीं बोलूं लागतात. जत्रेचेंही तसेंच. मातोश्रींच्या या म्हणण्याची सत्यता आम्हांस घरापासून हजारों मैलांवर, अमेरिकेंतील एका करमणुकीच्या नगरींत पटली. तो प्रसंग वाचकांपुढें ठेवीत आहों.

२०१८ सालच्या जुलैंत आम्ही आमचे वडील बंधू दादा यांजबरोबर कॅलिफोर्नियांत त्यांच्या चिरंजीवांकडे राहावयास गेलों होतों. दादांचें वय तेव्हां ८२ वर्षांचें. हवापालट हें सांगण्यापुरतें कारण. खरें कारण निराळें होतें. गांवचा आमचा वाडा वहिनी गेल्यापासून कुलूपबंद होता. तुळयांना वाळवी लागली होती. विक्रीचा कागद चिरंजीवांच्या कपाटांत तयार होता व त्यावर दादांची सही हवी होती. तीन आठवडे लोटले, तरी विषय काढण्याचा धीर कोणास झाला नाहीं, आम्हांसही नाहीं.

अशांत नातवाच्या हट्टास्तव सारें कुटुंब ॲनाहाइम येथील डिस्नेलँड पाहण्यास गेलें. वॉल्ट डिस्ने या प्रख्यात चित्रपटकारानें संत्र्यांच्या बागांच्या जागीं सुमारें एका वर्षांत ही नगरी उभारली आणि १७ जुलै १९५५ रोजीं ती उघडली. पहिल्या दिवशीं फजितीच फार झाली. बनावट निमंत्रणें घेऊन लोक आंत शिरले, उन्हानें नवें डांबर मऊ पडून बायकांच्या बुटांच्या टाचा त्यांत रुतल्या, आणि नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळें पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. आतां तशी अव्यवस्था नाहीं. मात्र गर्दी आहे, आणि ज्यांनीं आषाढींत पंढरपूर पाहिलें आहे त्यांस ती वर्णून सांगावयास नको. दिवसभर आम्ही नावेंत बसलों, आगगाडींत बसलों, लोखंडी रुळांवरून खालीं कोसळणारीं माणसें पाहून रामनाम घेतलें, आणि रात्रीं दारूकाम पाहून थकलों.

बारा वाजतां नगरी बंद होत असल्याचें ध्वनिक्षेपकांवरून जाहीर झालें. आतां पहारेकरी काठी आपटीत येईल, अशी आमची समजूत. पण तेथील रीत निराळी. वेळ संपण्यापूर्वीं जो रांगेंत उभा राहिला त्यास त्याची पाळी मिळतेच; मुख्य रस्त्यावरील दुकानेंही त्यानंतर कांहीं वेळ उघडीं राहतात. चिरंजीव व नातू घोड्यांच्या चक्राच्या रांगेंत आधींच शिरले होते. हें चक्र नगरीहूनही जुनें. १९२२ मधील, पूर्वीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं असलेलें. सूनबाई दुकानांत गेल्या. आम्ही दोघे भाऊ फाटकाजवळच्या चौकांत एका बाकावर बसलों.

हळूहळू चौक मोकळा झाला. झोपलेलीं मुलें खांद्यावर टाकून बाप निघाले. वाद्यांचे सूर मात्र कोठूनसे वाजतच होते, आणि रस्त्याच्या कडेला जुन्या काळचे खरेखुरे गॅसचे दिवे मिणमिणत होते. दिवसां गर्दींत जें दिसलें नव्हतें तें आतां दिसूं लागलें. समोरच्या घरांचे वरचे मजले खालच्यांहून मुद्दाम लहान बांधले आहेत, म्हणून घरें उंच भासतात. गणपतीच्या आराशींत मागचे डोंगर लहान करतात ना, तीच युक्ति. खिडक्यांच्या कांचांवर दुकानदारांचीं म्हणून जीं नांवें रंगविलेलीं आहेत, त्यांतील बरींच ही नगरी घडविणाऱ्या कारागिरांचीं आहेत. आणि झाडू घेऊन माणसें येऊं लागलीं. रात्रभर धुणें, पुसणें, उडालेला रंग पुन्हां लावणें, फुलझाडें बदलणें चालतें. सकाळीं येणाऱ्यास त्याची चाहूलही लागत नाहीं.

इतक्यांत चिरंजीव परतले. नातू कडेवर पेंगत होता.

दादांनीं डावीकडे बोट दाखविलें. “त्या माडीवर दिवा जळतो आहे. कोण राहतें तेथें?”

चिरंजीवांनीं हकीकत सांगितली. खालीं बंबखान्याची इमारत. तिच्या माडीवर डिस्नेसाहेबांची लहानशी खोली. कामाच्या दिवसांत ते तेथें राहत व खिडकींतून लोकांची मौज पाहत. दिवा दिसला म्हणजे मालक आंत आहेत, असें नोकर समजत. १५ डिसेंबर १९६६ रोजीं ते वारले. त्यांच्या स्मरणार्थ दिवा अजून ठेवतात.

“आणि हा रस्ता?”

“मिसुरी प्रांतांतील मार्सलीन या गांवाच्या आठवणीवरून. लहानपणीं सुमारें पांच वर्षेंच ते तेथें राहिले. मग तें गांव सुटलें.”

“सुटलेलें गांव त्यानें दुसरीकडे उभारलें म्हणावयाचें. बरें, दिवा लावतो कोण? घरचें कोणी?”

“नाहीं, दादा. येथलीं पगारी माणसें.”

दादा बराच वेळ त्या खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तेथें माणूस नाहीं, पण दिवा आहे, कारण लावणारीं माणसें जवळ आहेत. आपल्या वाड्यांत माणूसही नाहीं आणि दिवाही नाहीं.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्ही उठलों. फाटकावरच्या बाईंनीं हंसून हात हलविला, आणि आमच्यामागें तो चौक झाडूवाल्यांच्या स्वाधीन झाला.

दुसऱ्या दिवशीं स्नानसंध्या आटोपून दादांनीं चिरंजीवांस हांक मारली. “तो कागद आण. कपाटाचें कुलूप तूं दिवसांतून दोनदां ओढून पाहतोस, तेव्हांच मला समजलें.” चिरंजीवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दादांनीं कागद शांतपणें वाचला आणि सही केली. अट एकच घातली: देवघरांतली समई इकडे आणावी, ती रोज तिन्हीसांजा लागावी, आणि लावण्याचें काम नातवाकडे असावें.

२०१९ सालीं वाडा गेला. समई रेशमी लुगड्यांत गुंडाळून आम्हींच ती सूनबाईंच्या स्वाधीन केली. वाडा विकला त्याचें दुःख आम्हांस झालें नाहीं असें नाहीं. अंगणांतला प्राजक्त अजून स्वप्नांत येतो. परंतु जत्रा पांगल्यावर मागें जें उरतें तें भिंतींत नसतें, दिवा लावणाऱ्या हातांत असतें, हें आम्हांस त्या रात्रीं उमगलें.

दादा २०२१ सालीं गेले. नातू आतां आमच्याहून उंच झाला आहे. दूरध्वनीवर तो भेटला म्हणजे आम्ही त्याला परीक्षेचें विचारीत नाहीं. दिवा लागला का, एवढेंच विचारतों.