आमसुली की वांगी

पुतण्याच्या हळदीचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि हाताच्या सवयीने ‘ऑटो’चं बटण दाबलं. क्षणात नवऱ्यामुलाची हळद उतरली. गाल पिठूळ झाले, मागची पांढरी भिंत निळसर झाली, आणि वाटीतली कालवलेली हळद बेसनासारखी दिसायला लागली. चूक तशी प्रोग्रॅमची नव्हती. फोटोभर एकच रंग पसरलेला दिसला की तो उजेडाचा दोष आहे असं त्याने धरायचं आणि तेवढा रंग वजा करायचा, हे त्याला शिकवलेलं आहे. पिवळ्या बल्बखालच्या फोटोला ते लागू पडतं. हळदीच्या पाटावर बसलेल्या पोराला नाही. मी कंट्रोल-झेड दाबून पुतण्याला पुन्हा हळद लावली.

चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर घरादाराचे फोटो आपोआप माझ्याकडे आले. ‘तुला रंगातलं कळतं’ असं म्हणत जो तो पेनड्राइव्ह, जुने मोबाइल, बुटांच्या खोक्यात भरलेले प्रिंट आणून ठेवून गेला. रंगांपेक्षा आधी तारखांनीच घाम काढला.

डिजिटल फोटोच्या फाइलच्या पोटात एक नोंद असते. तिला एक्झिफ म्हणतात. जपानी कॅमेरेवाल्यांनी 1995 साली तिची रीत घालून दिली. फोटो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, शटर किती वेळ उघडं होतं, सगळं त्यात लिहिलेलं. फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. आमच्या पहिल्या कॅमेऱ्यात पेन्सिल सेल लागायचे, आणि सेल बदलले की त्याचं घड्याळ 1 जानेवारी 2008, रात्रीचे बारा, इथून सुरू व्हायचं. ते लावायचं कुणाच्या लक्षात राहतंय! त्यामुळे 2009 चे गणपती कॉम्प्युटरने नेऊन ठेवले 2008 च्या थंडीत, हुरडा पार्टीच्या शेजारी.

सगळ्या फोटोंच्या तारखा एकदम पुढे सरकवता येतात, पण नेमक्या कितीने ते आपण सांगायचं. गणेश चतुर्थी त्या वर्षी 23 ऑगस्टला होती. म्हणजे बरोबर 600 दिवस. तास-मिनिटांसाठी आरतीचा एक फोटो सापडला, मागे भिंतीवरचं घड्याळ स्पष्ट. घड्याळात 9 वाजून 20 मिनिटं, फाइलमध्ये रात्रीचे 12 वाजून 7 मिनिटं. वजाबाकी करून बसले, आणि मग आठवलं की ते घड्याळ माझ्या सासऱ्यांनी कायम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं असायचं, कुणाची एसटी चुकू नये म्हणून. तेव्हा 600 दिवस, 9 तास आणि 3 मिनिटं. एवढ्या अचूकपणाची कुणालाही गरज नव्हती, हे मला मान्य आहे.

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोंत ही नोंदच नसते, आणि फोटोही दाबून लहान केलेला असतो. ते मी वेगळ्या फोल्डरात टाकते आणि ज्याने काढला त्याच्याकडे मूळ फाइल मागते. त्यामुळे माझा फोन आला की हल्ली भाचे मंडळी जरा उशिरा उचलतात.

एक चूक मात्र निखळ माझी. सुरुवातीला मी मूळ फाइलवरच काम करायची. फिरवला, सेव्ह. थोडा उजळ केला, सेव्ह. जेपेग ही फाइल जागा वाचवण्यासाठी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येकातला बारकावा थोडाथोडा सोडून देते, आणि सुधारून पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा सोडते. आठ-दहा फेऱ्यांनंतर आईच्या नथीभोवती बारीक धुळीसारखी वळवळ दिसायला लागली. मूळ उरलेलं नव्हतं. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले होते की खोडरबर सारखा घासू नका, कागद फाटतो. आता ‘मूळ’ नावाच्या फोल्डरला हात लावायचा नाही, सुधारायची ती प्रत, असा दंडक आहे.

पण खरा कस लागला तो दिरांच्या मुंजीच्या फोटोला. 1979 सालचा, सहा बाय चारचा रंगीत प्रिंट. मांडवाच्या कडेला सिमेंटचा कट्टा, भटजी, मध्ये गोटा केलेले आमचे भावजी, आणि शेजारी सासूबाई. 600 डीपीआयने स्कॅन केला. मोठा करून बघितला तर मागच्या दारावर लटकलेल्या कालनिर्णयवरचा मे महिना वाचता येत होता. सगळ्या फोटोवर तांबूस झाक. त्या काळच्या बऱ्याच रंगीत कागदांचं असंच होतं. अल्बमच्या अंधारात राहूनसुद्धा त्यांतला निळसर सायन रंग आधी विरतो आणि लाली मागे उरते.

अशा वेळी ड्रॉपर घ्यायचा. फोटोतल्या एका जागेवर टिचकी मारून सांगायचं, की इथे कुठलाच रंग नाही, बाकीचं हिच्यावरून ठरव. मी भटजींच्या पांढऱ्या धोतरावर टिचकी मारली. सगळ्या मांडवाला कावीळ झाली! थोडा वेळ डोकं चालेना. मग लक्षात आलं. धोतराला नीळ दिलेली होती. तेव्हा पांढरा कपडा नीळ दिल्याशिवाय दोरीवर जात नसे. धोतरातला निळेपणा कॉम्प्युटरने दोष समजून सगळीकडूनच काढून टाकला होता. दुसरी टिचकी सिमेंटच्या कट्ट्यावर मारली, तेव्हा माणसं माणसांसारखी दिसायला लागली. तरी सावल्यांत लाली उरलीच, कारण उजेडाच्या आणि अंधाराच्या भागांतला रंग सारखा उडत नाही. लाल, हिरवा, निळा, तिघांची कर्व्ह वेगवेगळी ओढत तीन संध्याकाळी गेल्या.

आणि सासूबाईंच्या इरकलीचा रंग बदलला. प्रिंटमध्ये ती आमसुली होती. पडद्यावर ती जांभळ्याकडे सरकत, वांग्यासारखी झाली. मी आईंना विचारलं. वय शहाऐंशी, पण साड्यांच्या बाबतीत स्मरण पक्कं. ‘आमसुलीच होती,’ त्या म्हणाल्या, ‘अल्बमात आहे की!’

या ‘अल्बमात आहे की’वर मी अडकले. चाळीस वर्षं त्यांनी ती साडी फोटोतच बघितली होती. प्रिंट हळूहळू तांबडा होत गेला आणि त्यांची आठवण त्याच्याबरोबर.

ती इरकल पुढे गोधडीत गेली, हे मला ठाऊक होतं. माळ्यावरच्या ट्रंकेतून गोधडी काढली. वरच्या पट्ट्याचा रंग उन्हाने आणि धुण्याने इतका उतरलेला, की त्यावरून काहीही सिद्ध झालं असतं. मग कडेची शिवण दोन बोटं उसवली. आत दुमडलेल्या कापडाला ऊन लागलेलं नव्हतं. वांगी. गडद, किंचित निळसर छटेचं वांगी. दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्यूबलाइट बंद करून, खिडकीच्या उजेडात ती दुमड धरली आणि पडद्याशी ताडून बघत कर्व्ह अजून थोडी हलवली. माझा मॉनिटर साधा आहे, तो पूर्ण खरं सांगतो असं नाही. तरी गोधडी आणि पडदा बऱ्यापैकी एकमेकांजवळ आले.

दोन प्रती ठेवल्या. एकीचं नाव ‘1979-05 मुंज आमसुली’, दुसरीचं ‘1979-05 मुंज वांगी’. प्रिंट काढायची वेळ आली तेव्हा आईंना खुर्ची देऊन कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि वांगी प्रत उघडली. चष्मा पुसून त्या बराच वेळ बघत राहिल्या. भावजींच्या गोट्यावर हसल्या, भटजींना नावानिशी ओळखलं, कट्ट्यावर बसलेल्या शेजारणीसाठी जरा हळहळल्या. मग पडद्यावरच्या स्वतःकडे बोट करून म्हणाल्या, ‘अगं, पण हे कुणाचं लुगडं नेसलेय मी?’