आधी गोळी, मग खूण

आमच्या शहापुरातल्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असतं. आईला रक्तदाबाची गोळी दिली, की त्या तारखेवर पेनानं बरोबरची खूण करायची, हा घरचा नियम. दादा सकाळीच कामावर जातो, वहिनींची शाळा असते, मी बेंगळूरहून अधूनमधून लॅपटॉप घेऊन येतो. गोळी कुणीही द्यावी. खूण पाहून बाकीच्यांनी निर्धास्त राहावं.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी पेन हातात होतं, म्हणून मी खूण आधीच केली. पाणी आणायला वळलो, तोच ऑफिसचा फोन आला. माडीवर गेलो, तो दीड तासानं खाली उतरलो, आणि गोळीचं पार विसरलो. वहिनी खूण पाहून शाळेला गेल्या होत्या. संध्याकाळी आई पायरीवर डोकं धरून बसली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. बराच वाढलेला होता. त्या दिवसाची गोळी पाकिटात तशीच होती.

मला लाज वाटली ती दुप्पट. कारण फोनवर दीड तास मी हीच चूक शोधत होतो.

आमचा एक प्रोग्रॅम इंटेलच्या प्रोसेसरवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. तोच एआरएम जातीच्या प्रोसेसरवर नेला, तर क्वचित कधी जुनीच माहिती उचलू लागला. प्रोसेसरात अनेक कोअर असतात, एका घरात राबणाऱ्या माणसांसारखे. एक कोअर मेमरीत माहिती लिहितो, मग ‘तयार’ अशी खूण लिहितो. दुसरा ती खूण पाहून माहिती उचलतो. पण कोअरच्या मानानं मेमरी फार सावकाश. थांबायला नको म्हणून कोअर लिहिलेलं आधी जवळच्या छोट्या रांगेत ठेवतो. इंटेलमध्ये एका कोअरनं लिहिलेलं इतरांना साधारणपणे त्याच क्रमानं दिसतं. एआरएम तशी हमी देत नाही; खूण आधी दिसते, माहिती मागाहून पोचते. दोष प्रोसेसरचा नव्हता. हमी मागायची राहिली होती, ती आमच्याकडून.

‘‘पण खूण ॲटॉमिक आहे ना?’’ फोनवर एकानं विचारलं. होती. ॲटॉमिक म्हणजे अखंड: मधली, अर्धवट अवस्था कुणाला दिसत नाही. दोन कोअरनी एकाच आकड्यात एकेक मिळवला, तर कुणाचीच भर हरवत नाही. पण माझी कॅलेंडरवरची खूणही अखंडच होती की! तरी गोळी पाकिटात राहिली. खूण पुरी असणं वेगळं, आणि खुणेआधीचं काम पुरं असणं वेगळं.

अनेक प्रोसेसरांच्या यंत्रात कोणता क्रम पाळला जावा, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्येच नेमकं मांडलं होतं. सी प्लस प्लस भाषेत त्याचे नियम आले ते २०११ च्या आवृत्तीत. त्यांतले दोन आम्ही लावले. खूण करणाऱ्यासाठी ‘रिलीज’: याआधी लिहिलेलं सगळं पोचल्याशिवाय खूण दिसू द्यायची नाही. पाहणाऱ्यासाठी ‘ॲक्वायर’: आधी खूण पाहायची, मगच माहिती वाचायची, अगोदर वाचून ठेवलेली चालत नाही. नियम दोघांनीही पाळायचा, एकानं पाळून भागत नाही. दोन शब्द बदलले, आणि बिघाड थांबला.

घरचा बदल आईनंच सुचवला. ‘‘पेन माझ्याकडे दे रे. गिळायचं मी, आणि खूण तुम्ही करायची?’’ आता खूण तीच करते. वहिनी धारवाडच्या, जाताना त्या आधी खूण पाहतात, मग पाकीट, आणि तरीही विचारतात, ‘‘आतेनरी?’’ आई गोळी गिळते, पाण्याचा घोट घेते, पेन उचलते, आणि मगच म्हणते, ‘‘आतु.’’