एक वेढा

भाचीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आपानं माझ्या हातात दिला तेव्हा मी नुकतीच शाळेतून आले होते. आपाला इंग्रजी वाचता येत नाही, पण एका ओळीखाली डॉक्टरांनी पेनानं रेघ मारली होती आणि तेवढं तिला पुरेसं होतं. सिंगल लूप ऑफ कॉर्ड अराउंड नेक. 36वा आठवडा.

"गळ्यात नाळ आहे ना?"

मी हो म्हटलं. आपा दारातच खाली बसली.

ही गोष्ट 2024च्या पावसाळ्यातली. भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, चिखलोलीला आली होती. डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्यातली सिझेरियनची तारीख दिली होती. वेढा आहे, रिस्क कशाला घ्यायची, एवढंच बोलले होते. भाचीची सासू फोनवर विचारत होती, "दोरीवर कपडे घालायला हात वर केले होते का हिनं?"

हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा आला नव्हता. 1996 साली आपाचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात गेलं. मी तेव्हा सोळा वर्षांची, तिच्या मदतीला तिच्या सासरी गेले होते. दोन दिवस आधीपासून आपा सांगत होती, बाळ हलत नाहीये. सगळे म्हणाले, झोपलं असेल. मीही ऐकलं आणि गप्प राहिले. बाळ बाहेर आलं तेव्हा दाईनं मानेभोवतीची नाळ दाखवली, आणि तपास तिथंच संपला. ना बाळाची तपासणी झाली, ना वारेची. आपा दोरीवर कपडे वाळत घालायची, हे कारण ठरलं. आपानंही ते मान्य केलं. आजही तिच्या घरात कपड्यांची दोरी कमरेएवढ्या उंचीवर बांधलेली आहे. नवीन माणूस हमखास अडखळतो.

आणि मी? बी.एड. झालेली, मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोनावर निबंध लिहायला लावणारी. माझ्या दोन्ही वेळी माझे कपडे शेजारणीनं वाळत घातले.

आम्ही दुसरं मत घ्यायचं ठरवलं. चिखलोलीला स्टेशन होणार, हे आम्ही तेव्हा कित्येक वर्षं ऐकत होतो. तोवर रिक्षानं अंबरनाथ आणि तिथून लोकल. उल्हासनगरच्या एका बाई डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आपाला खुर्ची दिली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला दाखवून सांगत होतं.

त्यांनी सांगितलेलं मला समजलं तसं लिहिते. बाळ नाकानं श्वास घेत नसतं, म्हणून नाळ म्हणजे फाशीचा दोर नव्हे. प्राणवायू येतो तो नाळेतूनच. नाळ साधारण 50 ते 60 सेंटिमीटर लांब, आत दोन धमन्या आणि एक शीर, त्यांच्याभोवती जेलीसारखा मऊ थर. तो थर रक्तवाहिन्यांना दाबापासून जपतो. बाळ पाण्यात कोलांट्या मारतं, कधी नाळेत अडकतं, कधी आपणहून सुटतं. आईचे हात वर असोत की खाली, त्याचा याच्याशी संबंध नाही. जन्माच्या वेळी साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती वेढा सापडतो, आणि त्यातली बहुतेक ठणठणीत असतात.

सोनोग्राफीत मानेच्या त्वचेवर खळगा दिसतो. एक वेढा असेल तर इंग्रजी यू अक्षरासारखा, दोन असतील तर डब्ल्यूसारखा. कलर डॉप्लरमध्ये मानेभोवती लाल-निळ्या रेघा दिसतात. भाचीला वाटलं होतं की लाल म्हणजे धोका. तो रंग फक्त रक्त यंत्राच्या दिशेनं येतंय की दूर जातंय ते सांगतो. आणि हे सगळं त्या क्षणापुरतं. नुसता वेढा दिसला म्हणून सिझेरियन करत नाहीत, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. बाळाची वाढ, गर्भजल, नाळेतला रक्तप्रवाह, हृदयाचे ठोके, हे बघायचं.

त्या दिवशी वेढा दिसलाच नाही.

मी घरी येऊन आकडे शोधले. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली होती, सरकारी ठिकाणी 14.3 टक्के. सिझेरियननं जीव वाचतात, मी त्याच्या विरोधात नाही. पण 1996 साली वेढा दिसला आणि आईला दोष देऊन विषय संपला. आता वेढा दिसला की तारीख देऊन विषय संपतो. दोन्हीकडे पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही.

बाई डॉक्टरांनी भाचीला एकच गोष्ट दोनदा बजावली. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का होईना, निघायचं. आपा हे ऐकताना माझ्याकडे बघत होती. मी खाली बघितलं.

39व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. मधे बाळाचे ठोके कळेबरोबर खाली जायचे, पुन्हा वर यायचे. यंत्र लावून सगळे लक्ष ठेवून होते, गरज पडली असती तर ऑपरेशनची तयारी होती. पडली नाही. डोकं बाहेर आलं तेव्हा मानेभोवती एक नाही, दोन वेढे होते. सिस्टरनं बोट घालून एकेक डोक्यावरून काढला. मुलगी झाली. भाचीचा नवरा अजान द्यायला आत गेला तेव्हा त्याचा आवाज थरथरत होता.

बाहेरच्या बाकावर आपा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोन वेढे होते, तरी रडली."

"हो."

"मग माझ्या बाळाला काय झालं होतं?"

मी म्हटलं, "आपा, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तू दोन दिवस सांगत होतीस. आम्ही ऐकलं नाही."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं विचारलं, नाळ पुरायला मागून घ्यायची का इस्पितळातून. मराठीत आम्ही विचारतो, इथं काय तुझी नाळ पुरलीय का? उर्दूतही नाल गडणं म्हणतात. मी म्हटलं, आता देत नाहीत बहुतेक. तिला ते पटलं नाही, ती सिस्टरला विचारायला उठली.