प्रवासांतील दोन यमुना

प्रवासास निघतांना बरोबर कोणतें पुस्तक घ्यावें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत वाटतो तितका सोपा नाहीं. आजोबांस जें रुचतें तें नातवंडांस कंटाळवाणें वाटतें. आणि मुलें जें आवडीनें वाचतात तें वडीलधाऱ्यांच्या देखत वाचण्याजोगें असतेंच असें नाहीं. यंदाच्या वैशाखांत आम्हीं अलिबाग, चौल, मुरूड आणि श्रीवर्धन असा समुद्रकांठचा प्रवास केला, तेव्हां दोन जुन्या कादंबऱ्या बरोबर घेतल्या: बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’.

पहिली १८५७ सालची, म्हणजे विधवाविवाहाच्या कायद्यानंतर एकाच वर्षानें निघालेली. दुसरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः येऊन १८९३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. दोन्हींच्या नायिका यमुनाच. पहिली यमुना पतीसह गांवोगांव हिंडून विधवांचीं दुःखें पाहते, आणि पुढें तेंच दुःख तिच्याही वांट्यास येतें. पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले. त्यामुळें उपदेशाचा सूर कथेंत वारंवार उमटतो, आणि तो ऐकतांना मुलें चुळबुळ करीत. हरिभाऊंची यमू मात्र आपली हकीकत आपल्याच तोंडें सांगते. ती कोणासही उपदेश करीत नाहीं, म्हणूनच तिचें म्हणणें अधिक खोल जातें.

चौलास एका नारळी-पोफळीच्या वाडींत आमचा मुक्काम होता. दिवेलागणीनंतर ओटीवर वाचन चाले. यमूच्या केशवपनाचा प्रसंग जवळ आला, तेव्हां घरांतील कांहीं मंडळींस वाटलें कीं तो भाग गाळावा. मुलें लहान, आणि आत्याबाईंचें वय चौऱ्यांशी. परंतु आत्याबाईच म्हणाल्या, “वाचा. आमच्या घरांत झालेलें पुस्तकांत ऐकावयास कसली भीति?”

वाचन संपल्यावर त्यांनीं आजवर कधीं न काढलेला विषय काढला. त्यांच्या लहानपणीं माहेरीं त्यांची एक चुलतआजी आलवण नेसून वावरे. ठराविक दिवशीं न्हावी मागल्या दारीं येई, आणि पोरींना माडीवर पाठवीत. “मग कोणीच कांहीं बोललें नाहीं?” आमच्या धाकट्या नातवानें विचारलें. “पुस्तकाचें नांव पुन्हां वाच, बाळा,” एवढेंच त्या म्हणाल्या.

पुढें मुरुडास पोहोंचल्यावर अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट निघाली. त्यांचें मुरूड जंजिऱ्याचें नव्हे, दापोलीकडील. १८९३ सालींच, म्हणजे हरिभाऊंचें पुस्तक निघालें त्याच वर्षीं, त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला, आणि गांवानें त्यांना वाळींत टाकलें. लक्षांत घेणारे अगदींच नव्हते असें नाहीं. परंतु त्यांना किंमत द्यावी लागली, हें मुलांस तेव्हां उमगलें.

हल्लीं प्रत्येकजण आपापल्या हातांतील फोनवर निराळें कांहीं वाचतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. तथापि एकट्यानें वाचलेली कादंबरी बहुधा मनांतच राहते. सर्वांनीं मिळून ऐकलेली कादंबरी घरास बोलतें करते. आत्याबाईंनीं त्या आजींचें नांव सांगितलें, तेव्हां ध्यानांत आलें कीं कुळाच्या वंशावळींत सारीं नांवें पुरुषांचींच आहेत. तें नांव आतां मुलांनीं तेथें शाईनें लिहिलें आहे.